मूठभर तांदळाचा कारभार : मिझोरमच्या लहान मंडळ्यांचा इतिहास

१/ मोठ्या धर्मसंस्थांचा इतिहास वाचताना राजांची दाने, इनाम जमिनी, व्यापाऱ्यांच्या देणग्या आणि परदेशातून आलेला पैसा यांचे उल्लेख सतत भेटतात. मिझोरमच्या डोंगरांतील चर्चच्या इतिहासात मात्र एक वेगळीच नोंद आढळते : मूठभर तांदूळ. ही मूठ कोणाची होती, ती कशी मोजली गेली आणि तिने काय उभे केले, याचा हा थ्रेड. 🧵

२/ या प्रथेला मिझो भाषेत ‘बुहफाई थाम’ म्हणतात. ‘बुहफाई’ म्हणजे सडलेला तांदूळ आणि ‘थाम’ म्हणजे मूठ. घरात भात शिजवण्यासाठी तांदूळ मोजून घेतला की शिजवणारी स्त्री त्यातून एक मूठ बाजूच्या भांड्यात टाकते. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी हेच घडते. ठरलेल्या दिवशी मंडळीतील स्त्रिया घरोघर जाऊन हा तांदूळ गोळा करतात. तो विकला जातो आणि आलेली रक्कम चर्चच्या कार्याला लागते.

३/ प्रथा इतकी साधी आहे की तिच्याकडे सहज दुर्लक्ष होते. परंतु जिथे नाणे दुर्मिळ होते, वस्त्या विखुरलेल्या होत्या आणि ख्रिस्ती कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी होती, अशा प्रदेशात ती रुजली. म्हणून आधी तो प्रदेश पाहिला पाहिजे.

४/ आजचा मिझोरम म्हणजे ब्रिटिश कागदपत्रांतील ‘लुशाई हिल्स’. १८७१-७२ची लष्करी मोहीम आणि त्यानंतर १८८९-९०ची मोहीम यांतून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला. १८९८ साली उत्तर आणि दक्षिण भाग एकत्र करून आसामच्या अखत्यारीत एक जिल्हा करण्यात आला. गावे डोंगरमाथ्यावर वसलेली होती आणि प्रत्येक गावाला ‘लाल’ म्हणजे सरदार असे. शेती होती झूम पद्धतीची : जंगल तोडायचे, जाळायचे, पेरायचे आणि काही काळाने पुढच्या उतारावर जायचे.

५/ या व्यवस्थेत संपत्ती म्हणजे धान्य. सरदाराचा वाटा भातातच दिला जाई. रोख पैसा क्वचितच हाती येई. नव्या राजवटीने घरपट्टी आणि सक्तीची हमाली लादली, तेव्हा रुपयाची गरज वाढली. रुपया मिळवण्याचे मार्ग मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

६/ ११ जानेवारी १८९४ रोजी जे. एच. लॉरेन आणि एफ. डब्ल्यू. सॅव्हिज हे दोन तरुण इंग्रज मिशनरी सैरांग येथे पोहोचले. त्यांना पाठवणारा रॉबर्ट आर्थिंग्टन हा लीड्समधील एक विलक्षण धनाढ्य मनुष्य होता. अफाट संपत्ती असूनही तो अत्यंत काटकसरीने राहत असे. शहरातील लोक त्याला कंजूष समजत. त्याने मात्र आपला पैसा मिशन कार्यासाठी राखला होता.

७/ आर्थिंग्टनची धारणा अशी होती की एका जमातीत फार काळ थांबू नये; संदेश पोहोचवावा आणि पुढे सरकावे. लॉरेन आणि सॅव्हिज यांना सुमारे चारच वर्षे मिळाली. त्या काळात त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली, शाळा चालवली, लूक आणि योहान यांची शुभवर्तमाने व प्रेषितांची कृत्ये मिझोत आणली आणि शब्दकोशाचे काम केले. १८९७च्या अखेरीस ते परतले, तेव्हा तिथे एकाही मिझो व्यक्तीचा बाप्तिस्मा झालेला नव्हता.

८/ म्हणजे एका श्रीमंताच्या थैलीने पहिला टप्पा घडवला आणि त्याच थैलीच्या मालकाच्या मताने तो संपवलाही. दूरवरच्या दात्यावर अवलंबून असलेल्या कार्याची मर्यादा इथे स्पष्ट दिसते. मागे उरली ती लिपी, म्हणजे लोकांना स्वतः वापरता येईल असे साधन.

९/ १८९७ साली वेल्श मिशनचे डी. ई. जोन्स आयजोल येथे आले आणि पुढच्या वर्षी एडविन रोलंड्स आले. २५ जुलै १८९९ रोजी खुमा आणि खारा या दोघांचा पहिला बाप्तिस्मा झाला. १९०३ साली लॉरेन आणि सॅव्हिज बॅप्टिस्ट मिशनच्या वतीने पुन्हा आले. या वेळी दक्षिणेकडे, लुंगलेई परिसरात.

१०/ आता आकडे पाहू. १९०१च्या जनगणनेत संपूर्ण लुशाई हिल्समध्ये ख्रिस्ती होते ४५. १९११ साली हा आकडा २,४६१ झाला आणि १९२१ साली २७,७२०. शेवटचा आकडा मोठा दिसतो खरा, पण आपल्या प्रश्नाची वर्षे पहिल्या दोन आकड्यांच्या मधली आहेत. अडीच हजार माणसे, तीही डोंगरा-डोंगरांवर विखुरलेली. एखाद्या गावात पाच घरे, दुसऱ्यात दोन. ‘लहान मंडळी’ हा शब्द इथे अक्षरशः लागू पडतो.

११/ अशा मंडळीपुढे प्रश्न उभा राहतो : शिकवणाऱ्याला, फिरत्या प्रचारकाला, पुढे पाळकाला कोण पोसणार? परदेशी मिशनने पोसले, तर तो मिशनचा नोकर होतो आणि मंडळी आश्रित राहते. मंडळीने पोसायचे, तर रुपये कुठून आणायचे?

१२/ हा प्रश्न मराठी मुलखाला अपरिचित नव्हता. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगर येथे ठाणे उभारले. १८५४-५५ साली अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन स्वतः पाहणीसाठी भारतात आले आणि नगरलाही गेले. स्थानिक मंडळ्यांनी आपला खर्च आपण चालवावा, आपला कारभार आपण पाहावा आणि आपला प्रसार आपण करावा, हे सूत्र अँडरसन आणि इंग्लंडमधील हेन्री व्हेन यांच्या नावाने ओळखले जाते.

१३/ त्याच सुमारास नगरमध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. सूत्र स्पष्ट होते. अडचण होती ती त्याच्या अंमलात. नगर जिल्ह्यातील खेड्यांत ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातील होते. त्यांची मिळकत बलुत्याच्या धान्यात आणि मजुरीत होती. पाळकाचे वेतन ठरे रुपयांत, मंडळीचे उत्पन्न येई धान्यात. ही दरी केवळ उपदेशाने भरून निघणारी नव्हती.

१४/ मिशनच्या वेतनावरचे अवलंबित्व ही मराठी ख्रिस्ती समाजातील जुनी सल आहे. १९१७ साली नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, त्यामागे देशी वळणाच्या स्वतंत्र ख्रिस्ती जीवनाची हीच ओढ होती. नगर आणि आयजोल यांच्यात हजारो किलोमीटरचे अंतर आहे. पेच मात्र एकच होता.

१५/ मिझो मंडळ्यांना या पेचातून जी वाट सापडली, तिचा आरंभ साधारणपणे १९१० साली आयजोल येथे झाला असे मानले जाते. तिचे मर्म असे : ‘आपल्याकडे काय नाही’ या यादीत रुपया पहिला होता. ‘आपल्याकडे काय आहे’ या यादीत पहिली गोष्ट होती रोजचा भात. दानाचे माप रुपयावरून उतरवून भाताच्या भांड्यावर आणले गेले.

१६/ त्यातून तीन गोष्टी घडल्या. पहिली : गरिबातल्या गरीब घरालाही देणारे होता आले. ज्या घरात चूल पेटते, त्या घरातून मूठ निघू शकते. मूठ लहान हाताची असो वा मोठ्या हाताची, तिचे नाव मूठच राहते.

१७/ दुसरी : दान हे वर्षातून एकदा होणाऱ्या निर्णयाऐवजी रोजच्या शिस्तीचा भाग झाले. मोठी रक्कम देताना मनुष्य विचार करतो, कचरतो, पुढे ढकलतो. मूठभर तांदळासाठी कोणी सभा भरवत नाही. दिवसातून दोनदा भात शिजला, तर वर्षाकाठी एका घरातून सातशेहून अधिक मुठी निघतात. दहा घरांच्या मंडळीत हा हिशेब सात हजारांच्या पुढे जातो.

१८/ तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : देण्याचा निर्णय स्त्रीच्या हातात आला. मिझो घरात पहाटे उठून भात कांडणे, बांबूच्या नळ्यांतून पाणी आणणे, जळण वाहणे, विणणे, शेतावर राबणे ही सारी कामे स्त्रियांची होती. घराच्या आणि गावाच्या निर्णयांत मात्र तिला स्थान नव्हते. जसे खेकड्याचे मांस मांसात मोडत नाही, तसा बाईचा शब्द शब्दात मोडत नाही, अशा आशयाची जुनी मिझो म्हणच आहे.

१९/ त्या समाजात स्त्रीच्या नावावर जमीन नव्हती, हातात रोख नव्हती. परंतु आज किती तांदूळ शिजवायचा, हे तीच मोजत असे. एवढा एकच अधिकार तिच्याकडे निर्विवादपणे होता आणि नेमका त्याच अधिकारावर हा निधी उभा राहिला.

२०/ मराठी वाचकाला इथे आपल्या भाषेतील एक शब्द आठवावा. मराठी बायबलमध्ये जे धन आपले नाही, पण आपल्या हाती सोपवलेले आहे, ते सांभाळणाऱ्याला ‘कारभारी’ म्हटले आहे. आपल्या खेड्यांत घरधनिणीला ‘कारभारीण’ म्हणतात. धर्मशास्त्रातील कारभारीपण आणि चुलीपुढचे कारभारीणपण हे दोन अर्थ मिझो स्त्रीच्या त्या मुठीत एकत्र आलेले दिसतात.

२१/ या प्रथेच्या जोडीला जळणही आले. स्त्रिया जंगलातून लाकूडफाटा आणीत, तो विकीत आणि रक्कम मंडळीला देत. यामागेही तेच तत्त्व होते : जे कसब आणि जे श्रम रोजच्या जगण्यात आधीपासून आहेत, त्यांतूनच वाटा काढायचा. यासाठी कोणते नवे कौशल्य लागले नाही की भांडवल लागले नाही.

२२/ आणखी एक धागा तांदळाचाच आहे. ‘झू’ म्हणजे तांदळाची दारू. जुन्या मिझो जीवनात सण, समारंभ, सरदाराघरची मेजवानी यांपैकी काहीही झूवाचून होत नसे. ख्रिस्ती झालेल्यांनी झू सोडली. ज्या धान्यातून पूर्वी समारंभाची दारू होत असे, त्याच धान्याची मूठ आता मंडळीकडे जाऊ लागली. सामाजिक बदल कधीकधी असा धान्याच्या वाटेने मोजता येतो.

२३/ प्रथा सुरू होऊन वर्ष-दोन वर्षे होतात न होतात तोच १९११-१२ साली ‘मौताम’ आला. मिझोरममध्ये ‘मौताक’ नावाचा बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदाच फुलतो. त्याची फळे खाऊन उंदरांची संख्या भयंकर वाढते, फळे संपली की उंदीर शेतांवर तुटून पडतात आणि दुष्काळ पडतो. माणसे कंदमुळांवर जगली, अनेक मेली.

२४/ इथे मुठीची दुसरी बाजू समोर येते आणि ती टाळता येणार नाही. उपाशी घराकडून मूठ मागणे ही श्रद्धा, की शोषण? ठरावीक रकमेची वर्गणी दुष्काळातही तेवढीच राहते. सरकारी घरपट्टीचा स्वभाव तसा होता. मुठीचे माप मात्र चुलीशी बांधलेले आहे. भांड्यात कमी पडले, तर मूठ आपोआप लहान होते; चूलच पेटली नाही, तर देणेही नाही. देणाऱ्याच्या स्थितीनुसार बदलणारे माप हे या रचनेचे शहाणपण होते. तरीही त्या लहान मुठीची किंमत देणारीने सोसली, हे इतिहासकाराने विसरू नये.

२५/ १९१३ साली छुआखामा हे उत्तरेकडील पहिले मिझो पाळक झाले. त्यानंतरच्या वर्षांत संख्या झपाट्याने वाढली. १९०६, १९१३ आणि १९१९ या वर्षांतील धर्मजागृतीच्या लाटा, मौतामचा हादरा, पहिल्या महायुद्धात १९१७ साली फ्रान्सला गेलेली मिझो मजूर तुकडी, शाळांमधून वाढलेली साक्षरता अशी अनेक कारणे त्यामागे होती. केवळ तांदळामुळे चर्च वाढले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

२६/ परंतु वाढलेली मंडळी टिकून कशी राहिली, या प्रश्नाच्या उत्तरात तांदूळ नक्की आहे. इथे प्रेस्बिटेरियन रचना समजून घ्यायला हवी. प्रत्येक लहान मंडळीला स्वतंत्र पाळक नसतो. अनेक गावांच्या मंडळ्या मिळून एका पाळकाच्या देखरेखीखाली असतात. रोजचा कारभार मंडळीने निवडलेले वडील पाहतात आणि उपासनाही बहुतेक वेळा तेच चालवतात.

२७/ बुहफाई थामचा पैसा गावातच अडकून राहत नाही. तो वरच्या मध्यवर्ती व्यवस्थेकडे जातो आणि पाळकांचे वेतन, प्रचारकार्य अशा खर्चांसाठी वापरला जातो. याचा परिणाम असा की पाळकाचे पोट त्याच्या गावाच्या श्रीमंतीवर अवलंबून राहत नाही. दूरच्या डोंगरावरील दहा घरांची मूठ आणि आयजोलच्या मोठ्या वस्तीची मूठ एकाच राशीत पडते.

२८/ लहान मंडळ्यांच्या दृष्टीने हा कळीचा मुद्दा आहे. मूठ ही स्थानिक असते, रास ही सामाईक. स्थानिक हातांवाचून दान गोळा होत नाही आणि सामाईक राशीवाचून लहान गाव तगत नाही. या दोहोंचा सांधा जिथे जुळला, तिथे लहानपण ही दुर्बलता राहिली नाही.

२९/ या सांध्याची कसोटी पुढे लागली. १९५९च्या मौतामनंतर सरकारी अनास्थेविरुद्ध असंतोष पेटला, मिझो नॅशनल फ्रंट उभी राहिली आणि १९६६ साली उठाव झाला. ५ मार्च १९६६ रोजी आयजोलवर हवाई दलाने मारा केला. त्यानंतर खेडी उठवून लोकांना रस्त्यालगतच्या वसाहतींत एकत्र करण्यात आले. त्याच दशकाच्या अखेरीस परदेशी मिशनऱ्यांना मिझोरम सोडावे लागले.

३०/ ज्या चर्चचा प्राणवायू परदेशातून येत असतो, ते अशा वेळी गुदमरते. मिझो चर्च गुदमरले नाही. पाळक मिझो होते, वडील मिझो होते, भाषा आणि लिपी लोकांची झालेली होती आणि खर्चाचा मोठा वाटा लोकांच्या चुलीतून येत होता. १९८६च्या शांतता करारापर्यंतच्या वाटाघाटींत चर्चने मध्यस्थाची भूमिका बजावली. ज्या संस्थेला लोक आपली मानतात, तिलाच मध्यस्थी करता येते.

३१/ अशीच कल्पना इतरत्रही दिसते. कोरियातील प्रोटेस्टंट स्त्रिया ‘सोंगमी’ म्हणजे श्रद्धेचा तांदूळ बाजूला काढत. स्वदेशीच्या काळात बंगालमध्ये मुष्टिभिक्षा गोळा होई. महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने ‘मुष्टिफंड’ चालवला. गावोगावच्या स्त्रिया दळणातून, स्वयंपाकातून मूठभर धान्य काढून ठेवीत आणि त्यावर वसतिगृहातील पोरे जेवत.

३२/ यांपैकी कोणी कोणाचे अनुकरण केले, हे शोधण्यापेक्षा साम्य कशात आहे, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल. जिथे जिथे रोख कमी, धान्य रोजचे आणि कार्यावर विश्वास दृढ होता, तिथे तिथे मूठ हे माप सुचलेले दिसते. साताऱ्याची भाकरी आणि आयजोलचा भात यांना एकाच प्रश्नाचे उत्तर स्वतंत्रपणे सापडले असावे.

३३/ आता शेवटचा आणि अवघड मुद्दा. ज्या स्त्रियांच्या मुठींवर पाळकांची वेतने निघाली, त्यांना स्वतःला पाळकपद मिळाले का? मिझोरमच्या प्रेस्बिटेरियन चर्चने प्रथा सुरू झाल्यानंतर शंभर वर्षे उलटली तरी स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली नव्हती. धर्मशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या स्त्रिया होत्या, मागण्या झाल्या, चर्चा झाल्या. राशीत मूठ पडत राहिली. निर्णयाच्या बाकावर जागा मात्र मिळाली नाही.

३४/ म्हणून या प्रथेकडे केवळ कौतुकाने पाहणे अपुरे आहे. ‘असलेल्या बळावर उभे राहा’ हे सूत्र सुंदर आहे, पण हे बळ कोणाचे आणि निर्णय कोणाचा, हा प्रश्न त्याला जोडूनच विचारला पाहिजे. कारभारीण जर खरोखर कारभारी असेल, तर धान्य मोजण्याइतकाच तिला ते कुठे जावे हे ठरवण्याचाही अधिकार हवा.

३५/ तरीही इतिहासाचा विद्यार्थी या मुठीतून एक गोष्ट निश्चित शिकतो. संस्थांचे इतिहास आपण दात्यांच्या यादीतून, शिलालेखांतून, इमारतींच्या कोनशिलांवरून लिहितो. आर्थिंग्टनचे नाव ग्रंथांत आहे. रोज पहाटे भात कांडून त्यातली एक मूठ बाजूला ठेवणाऱ्या हजारो स्त्रियांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नाहीत. त्यांनी दिलेले दान मात्र आर्थिंग्टनच्या चार वर्षांपेक्षा कितीतरी अधिक टिकले.

३६/ आपल्या गावातील जुने मंदिर, मशीद, चर्च, विहार, वाचनालय किंवा वसतिगृह पाहताना देणगीदारांचा फलक जरूर वाचावा. मग तिथल्या एखाद्या वृद्ध स्त्रीला विचारावे : रोजचे धान्य कोठून येत असे? पुष्कळदा खरा इतिहास त्या उत्तरापासून सुरू होतो.

(थ्रेड समाप्त)